खारीकचं पथ्य

चतुराबाईंच्या दारातून कुणी उपाशी गेलं, असं कासारवाडीत त्यांच्यावर खार खाणारं माणूससुद्धा म्हणणार नाही. विजेचं मीटर बघायला आलेला पोरगा पोहे खाऊन जातो, कुरियरवाल्याला निदान गूळ-शेंगदाणे मिळतात, आणि पत्ता चुकून दारात आलेला माणूस तर हक्काचा पाहुणा. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्यांची उभी हयात गेली. तिन्ही शिफ्टच्या माणसांना त्यांनी भात रांधून घातला. पळी भरून वाढायची एवढी एकच रीत त्यांना ठाऊक. अर्धी पळी कशी वाढतात ते त्यांच्या हाताला कधी जमलंच नाही. कॅन्टीनचा ठेकेदार त्यावरून कुरकुरायचा. "बाई, हात जरा आखडता घ्या," म्हणायचा. बाई मान डोलवायच्या आणि पुढच्या ताटात मुद्दाम जास्त घालायच्या.

अशा बाईच्या वाट्याला साठी उलटल्यावर काय यावं? तर घरातल्या एका जिवाला रोज अर्धपोटी ठेवायचं काम.

तो जीव म्हणजे खारीक, त्यांच्या मालकांची, ज्ञानदेवांची घोडी. रंग खारकेसारखा म्हणून नाव खारीक. ज्ञानदेव भोसरीला एका प्रेसशॉपमध्ये होते. तिथल्या दणदणाटानं त्यांचे कान गेले, पण हौस तेवढी शाबूत राहिली. रिटायर झाल्यावर लोक गावाकडच्या घरावर पत्रे टाकतात, कुणी रिक्षा घेतं. ज्ञानदेव एक दिवस टेम्पोतून घोडी घेऊन आले. अख्खी गल्ली बघायला लोटली. म्हातारबाला चळ लागला असंही चार जण म्हणाले. पण चतुराबाईंना त्यातलं मर्म ठाऊक होतं. धाराशिवकडच्या त्यांच्या खेड्यात ज्ञानदेवांच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या घोड्याचा लगाम धरला होता. घोडं पाणी पाजून आणायचं, खरारा करायचा, मालकाच्या दारात उभं करायचं. पाठीवर बसायची मात्र सोय नव्हती. म्हणून घोडी आली त्या दिवशी ज्ञानदेवांनी पहिल्यांदा काय केलं, तर स्टूल लावून बायकोला वर बसवलं आणि लगाम धरून गल्लीतून फिरवून आणलं. चतुराबाई लाजेनं अर्धमेल्या झाल्या होत्या. एका हातानं पदर धरत होत्या, दुसऱ्या हातानं आयाळ. पण खाली उतरताना त्यांनीच घोडीच्या तोंडात गुळाचा खडा घातला, आणि तिथून दोघींचं जमलं.

मग वस्तीतल्या प्रत्येक वरातीला खारीक. नवरा बसायचा, नवरी हट्ट धरायची म्हणून नवरीही बसायची. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं तीच. ज्यांच्या वराती तिनं वाहिल्या त्यांची पोरं आता शाळेत जायला लागली होती. त्यामुळं घोडी ज्ञानदेवांची असली तरी तिच्यावर हक्क सगळ्या वस्तीचा होता.

यंदा होळी झाली आणि खारीकनं चारा टाकला. आधी मान वळवून सारखी पोटाकडं बघायची, मग पोटावर लाथा मारायला लागली, मग घामानं निथळत जमिनीवर लोळली. ज्ञानदेवांनी टेम्पो बोलावून तिला पुण्यात जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं पोट फाडून ऑपरेशन झालं. डॉक्टर निशिगंधा म्हणून तरुण बाई होत्या, राहायला वाकडला. त्यांनी आतड्यातून काढलेला गोळा घमेल्यात ठेवून दाखवला. नारळाएवढा घट्ट गोळा होता. त्यात हाराचा नायलॉन दोरा होता, पिशवीचे तुकडे होते, आणि सगळं मिळून बांधून ठेवल्यासारखी कणीक होती, वाळल्या चपात्यांची.

चतुराबाईंनी तो गोळा बघितला आणि त्यातल्या चपात्या ओळखल्या. गल्लीतल्या घराघरांतून शिळ्या चपात्या गोळा करायचा त्यांचा रोजचा नेम होता. अन्न वाया जाऊ नये आणि घोडीचं पोट भरावं, दोन्ही पुण्यं एकाच पातेल्यात. चपात्या ज्या पिशवीतून यायच्या ती पिशवी कधी कधी घोडीच्या तोंडाशीच राहायची. दुसऱ्या कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. आपल्याच हातानं आपण हिला मारत होतो, हे चतुराबाईंच्या मनात जे बसलं ते काही केल्या निघेना.

खारीक वाचली. घरी न्यायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. थोडं थोडं ओलं गवत, मूठ मूठ करून, पण दिवसभरात बऱ्याचदा. दाणा बंद. गूळ, चपाती, भाकरी, भात, बिस्किट, काही म्हणजे काही नाही. पळवायचं नाही, दोरी धरून सावकाश चालवायचं. पोटावरचे टाके कोरडे ठेवायचे. आणि दोन्ही कुशींना कान लावून ऐकायचं, आतून गुडगुड यायला पाहिजे.

"पोट गप्प झालं की मला फोन करायचा, मावशी. किती का वाजलेले असेनात."

ज्ञानदेवांना कानाचं काम जमण्यासारखं नव्हतं. तेव्हा ऐकायचं खातं आपोआप चतुराबाईंकडं आलं.

दवाखान्याच्या फाटकाशीच त्यांच्या मुलानं, संघर्षनं, विषय काढला. संघर्ष चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी सांभाळायचा. माणूस शिस्तीचा. चुकीचा माल पुढं जाऊ द्यायचा नाही हेच त्याचं रोजचं काम, त्यामुळं घरीसुद्धा तो प्रत्येक गोष्ट उलटीपालटी करून बघायचा. मनानं वाईट नव्हता. घोडी टेम्पोत घालताना, कुणी बघत नाही असं बघून, त्यानंही तिच्या मानेवरून हात फिरवला होता.

"आई, बाबा, ऐका. रावेतच्या पुढं माझ्या मित्राचा फार्म आहे. दिग्विजय. आठ घोडी आहेत त्याच्याकडं, सांभाळायला माणसं आहेत. तो खारीकला ठेवून घ्यायला तयार आहे. आपल्या गल्लीत येईल तो काहीतरी खायला घालणार, तू कुणाला नाही म्हणणार नाहीस..."

"मी म्हणंन न्हाई," चतुराबाई म्हणाल्या.

"तू? आजवर म्हणालीस कधी?"

"आता म्हणंन."

संघर्षनं आईकडं नीट बघितलं. "ठीक आहे. घरी नेऊ. पण एक ठरवून. पुन्हा एकदा जरी पोटाचा त्रास झाला, तर खारीक तिकडं जाणार. कायमची. तेव्हा रडायचं नाही."

ज्ञानदेवांना किती ऐकू आलं कुणास ठाऊक. ते घोडीच्या मानेवर हात ठेवून उभे होते. चतुराबाईंनी नवऱ्याच्या त्या हाताकडं बघितलं आणि होकार दिला. हा हात रिकामा झाला तर म्हातारा झुरून जाईल, हे त्यांना सांगायला डॉक्टर नको होता.

झालं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भुसा पसरून खारीकची सोय झाली आणि चतुराबाईंची परीक्षा सुरू झाली.

आजारी माणूस निदान कुरकुर करून मोकळं होतं. मुकं जनावर नुसतं बघतं. खारीकला भूक लागायची आणि मूठभर गवत संपलं की ती चतुराबाईंकडं बघायची. मग टापेनं जमीन उकरायची. मग रिकामी बादली नाकानं ढकलून पाडायची, म्हणजे यांच्या लक्षात यावं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की शेडमधून खिंकाळणं यायचं. चतुराबाईंनी कुकर लावणंच सोडलं आणि भात पातेल्यात शिजवायला सुरुवात केली. तर झाकणाचा आवाज झाला तरी ती खिंकाळायची. शेवटी बाई जेवायला मधल्या खोलीत दार लावून बसायला लागल्या. एकदा नात मैत्री कॉलेजातून आली तर आज्जी अंधारात चोरासारखी भाकरी खातेय.

"आज्जी, लाईट तरी लाव!"

"हळू बोल. तिला ऐकू जाईल."

"तिला काय ऐकू जाईल?"

"मी जेवती ते."

मैत्री हसून हसून लोळली. चतुराबाईंना मात्र घास उतरत नव्हता.

त्यात माणसं. आजाऱ्याला भेटायला जाताना हात हलवत जायचं नसतं, हे काय कुणी कुणाला शिकवावं लागतं? खारीक घरी आल्याची बातमी पसरली आणि रीघ लागली. कुणी केळी आणली, कुणी ग्लुकोजचे पुडे, कुणी भिजवलेले हरभरे. एक जोडपं कडेवरच्या पोराला घेऊन आलं. "हिच्यावर बसून आमची वरात आली होती मावशी," म्हणत त्यांनी गाजरांची पिशवीच पुढं केली. शेजारच्या अंबूबाई तर पदराखाली गरम बाजरीची भाकरी लपवून आल्या. त्या साताऱ्याकडच्या, गप्पिष्ट आणि मायाळू. पेशंटनं खाल्ल्याशिवाय त्यांचा पाय निघेना.

"एवढीशी भाकरी, चतुराबाई. त्यानं काय हुतंय? बाजरी म्हंजी ताकद."

"डॉक्टरनी न्हाई सांगितलंय."

"डॉक्टरला काय कळतंय भुकेचं?"

हे वाक्य चतुराबाईंनी स्वतः आयुष्यात कितीदा म्हटलं होतं! आज तेच समोरून आलं आणि त्यांची पंचाईत झाली. आलेल्या माणसाला नाही म्हणायचं तर जीभ रेटेना, आणि हो म्हणायचं तर घोडी जाणार. मग त्यांनी मधली वाट काढली. "द्या हितं. तिच्या टायमाला देती," म्हणायचं आणि सगळं घरात नेऊन ठेवायचं. ही युक्ती फार नामी निघाली. फक्त ते सगळं संपवायचं काम घरच्यांवर आलं. आठवडाभर त्या घरात गाजराची कोशिंबीर, गाजराची भाजी, गाजराचं लोणचं आणि शेवटी गाजराचा पराठा झाला. मैत्री म्हणाली, आता मीच खिंकाळायला लागणार. अंबूबाईंची भाकरी ज्ञानदेवांनी ठेच्याबरोबर खाल्ली, आणि अंबूबाई मात्र आठ दिवस साऱ्या गल्लीला सांगत होत्या की घोडीला उभारी आली ती आपल्या बाजरीनं.

संघर्षला ही युक्ती भरवशाची वाटली नाही. त्यानं कंपनीत मशीनवर लावतात तसला एक लॅमिनेट केलेला बोर्ड आणला आणि शेडच्या खांबावर तारेनं घट्ट बांधला. पिवळ्या पट्टीवर काळी ठळक अक्षरं: घोडीला काहीही खायला घालू नये. कुणीही. "कुणीही" खाली दोन रेघा मारलेल्या. रेघा मारताना त्यानं आईकडं बघितलं होतं, ते चतुराबाईंना कळलं. पोराचं चुकत नव्हतं.

चौदा एप्रिल आला. खारीकशिवाय पहिलीच मिरवणूक. संध्याकाळी ढोल आणि डीजेचा दणका लांबून ऐकू यायला लागला तशी घोडी कान टवकारून जागच्या जागी नाचायला लागली. आता उसळी मारली तर टाके तुटणार. ज्ञानदेव तिच्या गळ्यात हात टाकून उभे राहिले, चतुराबाईंनी दुसऱ्या बाजूनं धरलं. आणि मिरवणूक त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा आवाज बंद झाला. डीजे बंद, ढोल बंद. पुढचं माणूस मागच्याला हातानं खुणावत होतं. एवढा मोठा जमाव घोडीच्या घरासमोरून पावलं न वाजवता गेला आणि पुढच्या चौकात गेल्यावर पुन्हा एकदम दणाणला. छातीत जाणवणारा दणका मधेच का थांबला ते ज्ञानदेवांना कळेना. "थांबली का मिरवणूक?" त्यांनी विचारलं. "न्हाई, चाललीय," चतुराबाई हातानं खुणावत म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. आपल्या माणसांचा इतका अभिमान त्यांना पूर्वी कधी वाटला नव्हता.

टाके निघाले. भादरलेल्या पोटावर मऊ लव यायला लागली. ज्ञानदेव सकाळ-संध्याकाळ तिला स्टेशनच्या भिंतीपर्यंत नेऊन आणायचे. गवताची मूठ वाढत वाढत पेंढीपर्यंत गेली. आणि पोट ऐकायचं काम चतुराबाईंच्या इतकं अंगवळणी पडलं की त्या डोळे मिटून घोडीच्या कुशीला कान लावायच्या आणि कितीतरी वेळ तिथंच राहायच्या. आत पाणी वाहिल्यासारखं गुडगुडायचं, मधेच मोठा गडगडाट व्हायचा. तिच्या अंगाची ऊब गालाला लागायची. सगळी कामं उरकून इथं उभं राहण्यात त्यांना आता सुख वाटायला लागलं होतं. काही द्यायचं नाही, काही मागायचं नाही, नुसतं ऐकायचं. हेही जमतंय की आपल्याला, असं त्यांना पहिल्यांदा वाटलं.

मग वैशाख पौर्णिमा आली. बुद्धपौर्णिमेला वस्तीच्या विहारात खीरदान असतं, आणि खिरीच्या पातेल्याशी चतुराबाईच असतात. दुसरं कुणी असू शकतं असा विचारही कधी कुणाच्या मनात आला नव्हता. यंदा त्यांनी आधीच सांगून टाकलं: मी येणार नाही. या दिवशी वस्तीत ज्याच्या त्याच्या हातात खिरीची वाटी असते, आणि शेडला दार नाही. त्या सकाळपासून शेडसमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. विहारातून दूध आटल्याचा वास येत होता. वेलदोडा थोडा कमी पडलाय हे त्यांना बसल्या जागी कळलं, पण त्या हलल्या नाहीत.

दुपार कलता कलता मैत्री धावत आली. "आज्जी, खीर खाली लागतेय! बायका म्हणतात पातेलं उतरवायचं का पाणी घालायचं?"

"पाणी घालू नका म्हणावं!" चतुराबाई ताडकन उठल्या आणि पुन्हा बसल्या.

संघर्षला त्या दिवशी सुट्टी होती. तो ओट्यावर बसून मोबाईल बघत होता. "जा तू," तो म्हणाला. "मी बसतो इथं."

"मुसकं बांधू का तिला?"

"मी आहे ना. कशाला कोंडून ठेवतेस तिचं तोंड? जा निर्धास्त."

चतुराबाई गेल्या. गेल्या गेल्या त्यांनी पातेलं उतरवलं, वरची खीर न हलवता दुसऱ्या पातेल्यात ओतली, खालचं करपलेलं तसंच राहू दिलं, आणि वेलदोडा घातला. बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मैत्रीच्या हाती घरचा डबा भरून दिला आणि मागोमाग दोन-चार माणसांना वाढून त्या घाईघाईनं परतल्या. संघर्ष शेडशीच उभा होता. सगळं जिथल्या तिथं होतं. त्यांना बरं वाटलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा खारीकनं मान वळवून पोटाकडं बघितलं.

माशी बसली असेल, असं चतुराबाईंनी स्वतःला सांगितलं. तिनं पुन्हा बघितलं. मग वरचा ओठ वर उचलून दात दाखवले, आणि टापेनं भुसा उकरायला लागली. गवताची पेंढी पुढ्यात तशीच होती. चतुराबाईंनी धावत जाऊन कुशीला कान लावला. डाव्या बाजूला लांबून कुठून तरी बारीक आवाज येत होता. उजव्या बाजूला काहीच नाही.

त्यांनी मैत्रीला हाक मारली. मैत्रीनं डॉक्टरांना फोन लावून दिला.

"पोट गप्प झालंय, डॉक्टरीणबाई. मी सोडून गेले व्हते. खिरीपायी गेले. कुणीतरी कायतरी घातलं असंल. माझी चूक हाय. तुमी या."

"आता तुम्ही तिला चालवत राहा, मावशी. लोळू द्यायचं नाही. मी निघाले."

वाकडहून येईपर्यंत रस्त्यानं डॉक्टरांचा अंत बघितला असणार. इकडं ज्ञानदेव आणि संघर्ष आळीपाळीनं घोडीला चालवत होते, आणि चतुराबाई तिच्या बरोबरीनं चालत मधेच कान लावून बघत होत्या. संघर्षचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो आईच्या नजरेला नजर देत नव्हता. राग आलाय पोराला, चतुराबाईंनी ओळखलं, आणि राग यायलाच पाहिजे. गल्लीतली माणसं वाट्या हातात धरून दारादारांत उभी होती आणि कुणी खात नव्हतं.

डॉक्टर आल्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटातला गॅस काढला, नाडी बघितली, हिरड्या बघितल्या. "वेळेवर कळलं," म्हणाल्या. "पीळ वाटत नाही. काहीतरी गोडधोड पोटात गेलंय, त्यानं फुगलंय. आता चालवा. लीद पडली की जिंकलो."

पुन्हा फेऱ्या. शेडपासून नळापर्यंत, नळापासून शेडपर्यंत. अंबूबाई हात जोडून पुटपुटत होत्या. चतुराबाईंना कशाचंच भान नव्हतं. एवढं एक होऊ दे, एवढंच त्या मनात म्हणत होत्या. पुढं ती रावेतला गेली तरी चालेल, पण जिवंत असू दे. आणि नळाशी वळताना खारीक थांबली, तिनं शेपूट उचललं, आणि गल्लीच्या मधोमध लीद टाकली.

गल्लीत असा काही ओरडा झाला की रस्त्यावरच्या माणसाला वाटावं, यांच्या टीमनं कप जिंकला. पोरांनी शिट्ट्या मारल्या. ज्ञानदेवांना आवाज ऐकू आला नाही, पण त्यांनी वळून खाली बघितलं आणि खाली बघत हसत राहिले. अंबूबाईंनी पदर खोचला आणि ती लीद त्यांनी स्वतः भरली. डॉक्टरांनी कुशीला कान लावला, चतुराबाईंनाही लावायला सांगितला. आत बारीक गुडगुड सुरू झाली होती. "रात्रभर काही द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "सकाळी एक मूठ गवत. तेवढंच." आणि चहासुद्धा न घेता त्या निघाल्या. चतुराबाईंनी आग्रह केला नाही, यावरून त्यांची अवस्था समजावी.

माणसं पांगली. ज्ञानदेव घोडीला घेऊन शेडमध्ये गेले. चतुराबाई खुर्चीवर बसल्या. मन घट्ट करून त्या म्हणाल्या, "संघर्ष, उद्या त्या दिग्विजयला फोन कर. ठरलं व्हतं ते ठरलं. मी सोडून जायाला नको व्हतं."

संघर्ष खांबाला टेकून उभा होता.

"आई, खीर मी घातली."

चतुराबाईंना नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"मैत्रीनं डबा आणून ठेवला. मी झाकण उघडलं, वास आला तशी ही खिंकाळली. गोडाचा पहिला घास मुक्या जिवाला, हे वळण तूच लावलंस ना लहानपणी. हात आपोआप गेला. एकच घास द्यायचा होता. पण तिनं असं बघितलं..." त्यानं मान वळवून घोडीकडं बघितलं. "सगळा डबा दिला गं. इतके दिवस उपाशी आहे, म्हटलं एक दिवस पोटभर खाऊ दे."

"आन् बोर्ड?"

"बोर्डाखालीच उभा होतो."

चतुराबाईंनी त्याच्याकडं बघितलं. चाळिशीचा बाप्या माणूस, कंपनीत पन्नास माणसं ज्याच्या शब्दाला वचकून असतात, तो लहानपणी शाई सांडल्यावर उभा राहायचा तसा उभा होता. ऐकवायला त्यांच्याकडं पुष्कळ होतं. त्या बोर्डावरच्या दोन रेघा होत्या, दवाखान्याच्या फाटकाशी घातलेली अट होती, महिनाभराचे टोमणे होते. त्यातलं एकही तोंडावर आलं नाही. त्यांना फक्त त्याची दया आली, आणि दया येता येता त्यांच्या लक्षात आलं की अशी दया त्यांनी स्वतःला अजून एकदाही दाखवली नव्हती.

"हिकडं ये," त्या म्हणाल्या. तो जवळ येऊन पायाशी बसला. "जीव लावलास म्हणून चुकलास रं. मी बी तशीच चुकले."

आणि त्या रडल्या. घमेल्यातला तो गोळा बघितल्यापासून आत दाबून ठेवलेलं सगळं रडल्या. संघर्षनं त्यांचे गुडघे धरले होते. ज्ञानदेव शेडमधून बाहेर डोकावले, मायलेकांकडं बघून घाबरले, परत घोडीकडं वळून बघितलं. ती तर व्यवस्थित उभी होती. "आता काय झालं?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. चतुराबाईंनी रडता रडता हात हलवून सांगितलं, काही नाही, सगळं चांगलं आहे.

रावेतला फोन गेला नाही.

सकाळी खारीकच्या दोन्ही कुशी छान गुडगुडत होत्या. संघर्षची पहिली शिफ्ट होती, कंपनीची बस चुकणार होती, तरी तो शेडमध्ये आला. चतुराबाईंनी ओल्या गवताची मूठ स्वतः न देता त्याच्या हातात दिली. त्यानं ती खारीकपुढं धरली. दोन घासांत संपली. ओठांनी त्याची बोटं चाचपून झाली, तळवा चाटून झाला, मग तिनं मान लांब करून चतुराबाईंचा पदर हुंगला, आणि एवढं करूनही काही मिळेना तेव्हा ती बारीक आवाजात खिंकाळली.

संघर्षनं आईकडं बघितलं. "बास?" त्यानं विचारलं.

"बास," चतुराबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट धरले. ते बघून त्यानंही धरले. खारीक आळीपाळीनं दोघांकडं बघत राहिली, आणि मायलेकरं तिच्यासमोर तशीच उभी राहिली.